दुसरी सही

त्या कागदावर गोल निळा शिक्का होता, शिक्क्याखाली अधिकाऱ्याची लपेटदार सही होती आणि बाकीचा मजकूर इंग्रजीत टाइप केलेला होता. मला इंग्रजी वाचता येत होतं. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसले होते. घर डिचोलीला, बाजारापासून जरा वरच्या अंगाला. वडील सरकारी नोकरीत. सकाळी घरात मराठी वर्तमानपत्र यायचं, आईवडील आपसात कोंकणी बोलायचे आणि नन्सच्या शाळेत शिकल्यामुळे मी मनातल्या मनात बोलायची ती इंग्रजीत. गोवा घटक राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. कोंकणी की मराठी, हा वाद आमच्या जेवणात अजून भाजीसारखा वाढला जायचा. वडील एक बाजू धरायचे, काका दुसरी. मी माशाचे काटे ताटाच्या कडेला नीट रचत गप्प बसायची. गप्प बसण्यात माझा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

आई एक दिवस मला खिडकीतून उठवत म्हणाली, "जनेलांत बसून रस्तो किती पळयतलें?" आणि तिनेच मला एका वकीलबाईंकडे नेलं. निवृत्तीला आलेल्या या बाई दर शनिवारी शाळेच्या एका रिकाम्या वर्गात बायकांना कायदा शिकवत. शिकलेल्यांनी मग गावोगाव जायचं, बायकांचे कागद वाचून द्यायचे, कुठल्या कचेरीत कशासाठी जायचं ते सांगायचं. वकिली करायची नाही, पैसे घ्यायचे नाहीत. आम्हाला त्या 'मदतनीस' म्हणत. पेडण्याकडच्या खेड्यांत इंग्रजी वाचणारी कोणी मिळेना, म्हणून वर्ग अर्धाच झालेला असताना त्यांनी मला तिकडे धाडलं. "बोलायचं काम दुसरी करेल," त्या म्हणाल्या, "तू फक्त वाच."

बोलणारी दुसरी म्हणजे पेडण्याची एक मावशी. ती शिवणाचा वर्ग चालवायची आणि तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजांची मापं तिला पाठ होती. मापांबरोबर घरांच्या गोष्टीही. रविवारी दुपारी मी डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे अशा दोन बसगाड्या बदलून तिच्याकडे पोहोचायची. तिथून आम्ही तिसऱ्या गाडीने तेरेखोलच्या खाडीकाठच्या एका गावात जायचो. तिथल्या शिवणवर्गाच्या खोलीत मशिनं भिंतीला सरकवून चटया घातलेल्या असत. बायका कागद घेऊन यायच्या. कोणाचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कोणाचे साडीच्या खोक्यात, एकीचे तर उशीच्या अभ्र्यात. पोर्तुगीज अमलातले काही कागद मलाही वाचता यायचे नाहीत. ते मी वकीलबाईंसाठी बाजूला ठेवायची. इंग्रजी आले की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. कोणी माझ्याकडे असं बघावं याची मला सवय नव्हती, आणि ते मला आवडू लागलं होतं, हेही कबूल करते.

दुसऱ्याच रविवारी वहिनी आल्या. मी त्यांना वहिनी म्हणायची. तिशीच्या आतबाहेरच्या, उन्हाने रापलेल्या, बसताना पाठ भिंतीला न टेकणाऱ्या. माहेर खाडीपलीकडे, सिंधुदुर्गात. नवरा आमच्या डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, आठवड्या-पंधरवड्याने घरी येणारा. दोन मुली. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकच कागद काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"बाय, ह्यां माझ्या लग्नाचां रजिस्टर. बघून सांग, सगळां बरोबर असा मगे?"

मी बघितलं. दोघांची नावं, गावं, दोघांच्या सह्या, लग्नासंबंधी दोन परिच्छेद, शिक्का. मी शिक्क्यावरची गोल अक्षरं कागद फिरवून फिरवून वाचली आणि म्हटलं, "हो. तुमचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी काम सांगितलं. थोरला दीर आणि नवरा या दोघा भावांच्या नावावर वाडवडिलांचं भाट होतं. खाडीच्या उतारावर काजू, खाली माड, आणि माडांत वहिनी राहत होत्या ते कौलारू घर. थोरला भाऊ गावातच रस्त्याकडेला वेगळं घर बांधून राहिला होता. आता खाडीकाठी हॉटेल काढायला कोणी बाहेरचा माणूस आला होता आणि थोरल्याने घरासकट सगळं भाट त्याला विकायचं ठरवलं होतं. शिगमा झाला की विक्रीखत. नवऱ्याने मान डोलावली होती. वहिनींना कोणी विचारलं नव्हतं.

"तुमच्या सहीशिवाय विकताच येणार नाही," मी म्हटलं. हे मला वर्गात शिकवलेलं होतं आणि ते खरंही होतं. गोव्याच्या कायद्यात लग्न झालं की नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा असतो, आणि तिची सही नसेल तर नवऱ्याला जमीन विकता येत नाही. वहिनींनी कागद पिशवीत घातला, पिशवी कमरेला खोचली आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसल्या. परतताना बसमध्ये मी खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत होते आणि ते मला बरं दिसत होतं.

पुढच्या शनिवारी वकीलबाईंनी लग्नाचा कायदा घेतला. फळ्यावर त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"आपल्याकडे लग्नाला दोन सह्या," त्या म्हणाल्या. "पहिली सही म्हणजे आम्हाला लग्न करायचं आहे, एवढं नोंदणी कचेरीला कळवणं. मग कचेरी नोटीस लावते, कोणाची हरकत आहे का बघते. पंधरवड्याने परत जायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न झालं. आणि आपले लोक काय करतात? पहिल्या सहीला साखर वाटतात, भटजीकडून मुहूर्त काढतात, मांडवात लग्न लावतात आणि दुसरी सही विसरतात. पहिली मग मुदत संपून मरून जाते. कायद्याच्या लेखी ती बाई कोणाचीच कोणी नसते."

पुढचं मी ऐकलं नाही. त्या कागदातले दोन परिच्छेद मला आता डोळ्यांपुढे दिसत होते. ते इंग्रजीतच होते, माझ्या इंग्रजीत, आणि त्यात सरळ लिहिलेलं होतं की हे दोघे लग्न करू इच्छितात. मी ते वाचलंच नव्हतं. मी शिक्का वाचला होता.

वर्ग सुटल्यावर मी वकीलबाईंना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "उद्या जाऊन तूच सांग. मावशीला सांगू देऊ नकोस."

रविवारी वहिनी शिवणवर्गाला आल्या नाहीत. मावशीने मला त्यांच्या घरी नेलं. माडांतून पायवाट, मग विहीर, मग अंगण. वहिनी अंगणात विळीवर खाडीतल्या तिसऱ्या फोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. मी येताना तीन बसगाड्यांत एक वाक्य घोकत आले होते, ते बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच आधी सुरुवात केली.

"मी दिराक सांगलंय गो, माझ्या सहीबगर विकूक गावचां नाय. तो हॉटेलवालोय थंयच बसललो. दीर हसलो. म्हणालो, 'तुझी सही? तू कोण? दुसरी सही केललंस तू? वकिलान सगळां बघलां असा.'" विळीवर एक शिंपला कट्कन उघडला. "त्या माणसाम्होरे म्हणालो. तू कोण म्हणान."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, चूक माझी आहे. मी कागद नीट वाचला नाही. शिक्का बघून सांगितलं."

त्यांनी आणखी एक शिंपला फोडला. विहिरीच्या काठावर त्यांच्या धाकट्या मुलीचा फ्रॉक वाळत होता, त्याकडे मी बघत राहिले.

"मीय धा वर्सां शिक्कोच बघलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "दोगांय सारकीच आपण. फरक इतकोच, तू शिकललां."

हे त्यांनी सहज म्हटलं की टोचून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्यांनी पाट सरकवला आणि मी बसले. मग कळलं ते असं. दुसऱ्या सहीची तारीख आली तेव्हा मांडवातलं लग्न होऊन चार दिवस झाले होते. थोरला दीर म्हणाला होता, "लगीन जालां, आता कसली सही? लावणेचां काम असा." सगळे हसले, नवी नवरीही हसली, आणि कोणी पेडण्याला गेलं नाही.

"तेव्हां मी हसलंय," वहिनी म्हणाल्या. "आता तो हसता."

मावशीने पदर खोचला. "हसूंदी. शिगम्याक म्हयनोभर असा. पयली सही परत, पंधरा दिसांनी दुसरी. म्हयन्यात बसात. पण घोव येवक व्हयो. तेका कोण सांगतलो?"

नवरा डिचोलीकडे. डिचोलीची मीच.

त्याचा ट्रक दुपारी कारापूरच्या पुढे रांगेत उभा असतो, एवढं वहिनींनी सांगितलं होतं आणि ट्रकचा नंबर कागदावर लिहून दिला होता. आठवड्यातल्या एका दुपारी मी आईला मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले. तो रस्ता मी बसमधून शंभर वेळा पाहिला होता, पण उतरून चालले नव्हते. खनिजाच्या धुळीने झाडंसुद्धा तांबडी. एकामागे एक ट्रक उभे, मधल्या सावलीत ड्रायव्हर पोई आणि उसळ खात बसलेले. मी पुढे सरकले तसं एकेकाचं बोलणं थांबत गेलं. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, शाळेची इन्स्पेक्टर इली! पाटयो पुसा!" सगळे हसले. माझ्या मुठीत बसचं तिकीट होतं आणि त्याच्या मागे मी बोलायचं वाक्य लिहून आणलं होतं. घामाने त्यातली शाई उतरून तळव्याला लागली होती.

नंबर सापडला. कपाळाला तवालो गुंडाळलेला एक किरकोळ माणूस ट्रकच्या पायरीवर बसला होता. मी गावाचं नाव घेतलं आणि वहिनींकडून आले म्हटलं, तसा तो ताडकन उठला.

"चेडवांक बरां असा मगे?"

"बरं आहे. सगळ्यांना बरं आहे. तुमच्या लग्नाचं काम आहे."

मागे पुन्हा हशा पिकला. तोही हसला. "माझां लगीन? जालां गो बाय. दोन चेडवां असत माका."

मी दोन सह्यांचं सगळं सांगितलं. माझी मराठी पुस्तकी, तीही अडखळत. तो ऐकून घेत होता, पण पाहुण्या माणसाचं ऐकून घेतात तसं. "होय, होय. करूया मगे. पावसात ट्रक बंद असता तेव्हां करूया."

पावसापर्यंत भाट राहणार नव्हतं. मला पुढचं वाक्य आठवेना. तिकीट उघडलं तर शाईचा ठिपका. मग जे मला खरोखरच कळत नव्हतं ते मी विचारलं.

"भाट विकायला तुमच्या भावाच्या बायकोची सही लागणार आहे का?"

"वयनीची? होय. लागतली म्हणालो."

"मग तुमच्या बायकोची का नाही?"

त्याने कपाळाचा तवालो सोडून झटकला. आमच्या दोघांमध्ये तांबडी धूळ उडाली.

"भावान सांगल्यान," तो हळू म्हणाला, "'तुझ्या बायलेक पेडण्याची खेप कित्याक? तिची सही लागना.' माका बरां वाटलां. म्हटलां, भाव तिचो इचार करता." पुन्हा तवालो झटकला. "म्हणजे तेका म्हायत होतां?"

मी मान डोलावली.

"माका म्हायत नाय, आणि तेका म्हायत होतां."

मागून कोणीतरी विचारलं, "काय रे, इन्स्पेक्टर पास करता काय नापास?" त्याने तिकडे पाठ फिरवली. मला म्हणाला, "खंय येवक व्हयां, कदी, तां माका लिवन दी. मराठीत लिव."

मी बसच्या तिकिटावर जागा उरली नव्हती म्हणून वहीचं पान फाडून, त्याच ट्रकच्या पायरीवर ठेवून लिहिलं. परतताना त्या रांगेसमोरून चालताना मी मान खाली घातली नाही, हे घरी पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

कागदपत्रं जमवायला आठवडा गेला. वहिनींचा जन्मदाखला खाडीपलीकडे होता. आम्ही बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. एकट्याच होडीतून गेल्या आणि दाखला घेऊन आल्या. "माहेराक जावन जेवणाबगर दुसरां कायतरी पयल्यांदाच मागलंय," त्या म्हणाल्या. दाखला त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

पहिली सही झाली. कचेरीच्या फळ्यावर दोघांच्या नावांची नोटीस लागली आणि ती गावात कळायला दोन दिवस पुरले. पुढच्या रविवारी थोरला भाऊ शिवणवर्गाच्या दारात उभा राहिला. पांढरी लुंगी, हातात छत्री, बोलणं सावकाश.

"पोरांची आवय परत न्हवरी करतात. बरी सुधारणा." मग माझ्याकडे वळला. "शिकललां चेडूं तू. तुझ्या घरात इचारूक कोण नाय?"

मावशीने मशिनचं चाक हाताने थांबवलं.

"भाव, तुमका अक्षता धाडतव," ती म्हणाली. "येवा. सोयऱ्यांनी येवक व्हयां."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो गेला. पण दोनच दिवसांत निरोप आला की थोरल्याने विक्रीखत शिगम्याआधीच घ्यायचं ठरवलंय, म्हापशाला वकिलाकडे, आणि धाकट्या भावाला तिकडे बोलावलंय. दिवस तोच, दुसऱ्या सहीचा. वेळही सकाळचीच.

त्या सकाळी आम्ही तिघी पेडण्याच्या नोंदणी कचेरीच्या बाकावर बसलो होतो. वहिनी मोतिया रंगाची साडी नेसल्या होत्या आणि त्यांनी अबोलीचा वळेसर माळला होता. मावशीने तो गजरा सकाळीच स्वतः गुंफून आणला होता. साक्षीदार म्हणून मावशी आणि मी. सह्यांचं काम दुपारी एकपर्यंत. दहा वाजले, अकरा वाजले. म्हापशाहून येणारी प्रत्येक बस थांबल्याचा आवाज आला की वहिनी दाराकडे बघायच्या नाहीत, मी बघायची. कारकून मधूनमधून जाड वहीवरून डोळे वर करून विचारायचा, "न्हवरो खंय गे?"

"वाटेर असा," मावशी सांगायची.

साडेबारानंतर तीही दाराकडे बघायला लागली. वहिनींनी गजऱ्याला हात लावला, काढावा की काय असा. मग तो हात मांडीवर ठेवला. मला म्हणाल्या, "नाय इलो तरी तुझ्यार राग नाय हां."

एकला दहा कमी असताना बाहेर मोटरसायकल थांबली. भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटच्या मागे बसून तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि शर्टाच्या घडीघडीत डिचोलीची तांबडी धूळ.

"भाव म्हापशाक वाट बघता," दारातूनच तो म्हणाला. "मी तेका सांगलां, आदी लगीन, मगे भाट."

वहिनी उठल्या. त्यांच्याकडे न बघता नवऱ्याने विचारलं, "वळेसर माझ्यासाटी?"

"नाय," वहिनी म्हणाल्या. "कारकुनासाटी. तो सकाळपासून बसलो असा."

कारकून हसला तसं कचेरीतली सगळी टेबलं हसली. मग त्याने वही फिरवून समोर ठेवली आणि बोट दाखवलं. वहिनींनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"ही दुसरी मगे? तिसरी बी असता काय?"

"ना गे माये. ही निमाणी, शेवटची."

तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही माझ्याकडे ओढली. कारकुनाच्या कपाळाला आठी पडली, मला ती दिसली, आणि मी वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, एकेक वाक्य, आणि मागोमाग त्याचा अर्थ. शेवटच्या शब्दाला पोहोचल्यावर म्हटलं, "करा."

त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली. नवऱ्याने केली, मावशीने केली. माझी पाळी आली. तोपर्यंत मी सही नेहमी इंग्रजीत, कोणाला वाचता येणार नाही अशी करायची. त्या दिवशी माझं नाव मी देवनागरीत लिहिलं, सुट्या अक्षरांत, वहिनींच्या नावाखाली.

शिगमा झाल्यावर थोरला भाऊ नवा मसुदा घेऊन स्वतः वहिनींच्या अंगणात आला. आता त्याला त्यांची सही हवी होती. मसुदा इंग्रजीत, चार पानं. वहिनींनी त्याला बसायला कदेल दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बाय वाचतली. मगे बघूया."

मी पायरीवर बसून वाचलं. पुस्तकी मराठी केव्हा सुटली मला कळलं नाही. बायकांनी मला रविवारी ज्या भाषेत हसून हसून शिकवलं होतं त्याच भाषेत मी सांगत होते. तिसऱ्या पानावर चतुःसीमा आली. पूर्वेला वाट, पश्चिमेला खाडी. मी थांबले, अंगणापलीकडच्या विहिरीकडे बघितलं आणि म्हटलं, "हेच्यात घर असा. बांय असा. खाडीच्यो पायऱ्योय असत."

वहिनींनी दिराकडे बघितलं. "वरचे काजी दितंय. घर नाय, बांय नाय, पायऱ्यो नाय."

"घर सोडून कोण घेतलो गो? तेका खाडीचीच बाजू व्हयी."

"मगे नाय घेवंदी."

नवरा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तिची सही नाय तर माझीय नाय. कायदोच तसो असा."

'कायदो' हा शब्द त्याने नव्या शर्टासारखा वापरला. थोरल्याने पाणी पिऊन भांडं पालथं ठेवलं. जाताना माझ्यासमोर जरा थांबला आणि म्हणाला, "वाचतंस बरां." त्यात कौतुक किती आणि राग किती, मी मोजत बसले नाही.

महिनाभराने दुसरा मसुदा आला. वरूनही खाडी दिसते म्हणून हॉटेलवाल्याने वरची काजूची बाजू घ्यायचं कबूल केलं होतं. घर, विहीर आणि खाडीच्या पायऱ्या चतुःसीमेच्या बाहेर होत्या. वहिनींनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मान तिरकी करून म्हणाल्या, "बरोबर वाचलंस? शिक्को बघून नाय मगे?"

"ह्याच्यावर शिक्का अजून पडलाच नाही, वहिनी."

"म्हणानच इचारतंय," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

याला आता काही वर्षं झाली. मी अजून रविवारी जाते. मावशीचा शिवणवर्ग अजून तिथेच आहे आणि वहिनी दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चटया घालतात. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि शिकायची त्यांना गरजही वाटत नाही. पण कोणी नवी बाई कागद घेऊन आली की तो आधी त्यांच्या हातात जातो. त्या कागद उलगडतात, शिक्का कुठे आहे ते बघतात, त्यावर आपला तळवा घट्ट ठेवतात आणि मग कागद माझ्यापुढे धरतात.

"ह्यां सोडून वाच," त्या म्हणतात. आणि मी वाचून संपेपर्यंत तो तळवा हलत नाही.